चौपन्नचं भोक

८ जानेवारी

प्रिय खिळ्या,

काल तुला फोन केला होता. तू तीन वेळा "कोण?" म्हणालास आणि चौथ्या वेळी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. सख्खी बहीण राँग नंबर! कारखान्यातल्या मशिनींनी तुझे कान खाल्ले ते खाल्ले, निदान ते यंत्र तरी कानात घालत जा. ड्रॉवरमध्ये ठेवून त्याला ऐकू येणार आहे का? असो. पत्र वाचायला कान लागत नाहीत म्हणून लिहायला बसले.

मी जिन्यावरून पडले ते तुला माहीत आहेच. गुडघा आता बरा आहे, म्हणजे सपाटीवर बरा आहे. जिना दिसला की संपावर जातो. शिवणाचं दुकान खाली आणि स्वयंपाकघर वर, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा चढावंच लागतं, आणि चढताना माझ्या तोंडून जे काही निघतं ते तुला ऐकू येत नाही हेच बरं. तुझा भाचा म्हणतो, "आई, घर विकून टाकू. आमच्याकडे ये, आरामात राहा." महिनाभर तेच तुणतुणं. आता तर फेब्रुवारीच्या शेवटी घर बघायला गिऱ्हाईक घेऊन येतोय. घर माझ्या नावावर, आणि गिऱ्हाईक येणार हे मला सुनेकडून कळलं.

मी जाणार नाही. तो वाईट नाही रे, पोटचा गोळा आहे, मला काळजी कळते. पण त्याच्या घरी मी गेले होते ना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. कात्री हातात घेतली की सून येऊन "आई, राहू द्या" म्हणायची आणि कात्री कपाटावर ठेवायची. मी काय दोन वर्षांची आहे? जन्मभर लोकांना समोर उभं करून त्यांची मापं घेतली, आता उतारवयात कोणी माझं माप काढायला येऊ नये.

तर मी ठरवलंय असं. मला वर जाता येत नाही, तर स्वयंपाकघर खाली येईल. दुकानामागे कापडाचे तागे ठेवायची खोली आहे ना, तिथे. तिला लागून खालचं न्हाणीघर, मधे सिमेंटच्या पत्र्याची पातळ भिंत, न्हाणीघराच्या बाजूने टाइल लावलेली. सिंक या बाजूला बसवायचं, सांडपाण्याचा पाइप भिंतीतून पलीकडे काढायचा, की झालं. प्लंबरला बोलावलं. त्याने सगळं बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काकू, आधी मुलाला विचारा, मग मी येतो." माझा पारा असा चढला की विचारू नकोस. त्याच्या लग्नाचा कोट मी शिवलाय!

म्हणून आता मीच करणार. भोकं तीन पाडायची आहेत. एक लाकडी कपाटाच्या पाठीत, एक स्टीलच्या सिंकमध्ये नळासाठी आणि एक टाइलच्या भिंतीत. तुझ्या भाऊजींचं ड्रिल मशीन अजून चालतं, कालच फिरवून बघितलं. हार्डवेअरच्या दुकानात गोल करवती मिळतात, वाटीसारख्या, कडेला दात असलेल्या. होल सॉ म्हणतात म्हणे. त्याने चार प्रकारच्या समोर ठेवल्या आणि मला सगळ्या सारख्याच दिसल्या. कुठली घेऊ? लवकर सांग. आणि भाच्याला काही बोललास तर याद राख.

तुझी ताई


१७ जानेवारी

ताई,

फोन आला तेव्हा मला वाटलं विम्यावाली बाई आहे. आवाज तसाच होता, हुकूम सोडल्यासारखा.

आता नीट वाच, आणि वाचताना मधेच उठू नकोस. तिन्ही भोकं एकाच करवतीने पाडीन म्हणत असशील तर विसर. तू रेशमाला आणि जीन्सला एकच सुई लावतेस का? तसंच आहे हे.

दुकानदाराने प्लॅस्टिकच्या डबीत एकात एक बसणाऱ्या कड्यांचा सेट दाखवला असेल. बारा मापं, एक चकती, रंगीत डबी. तो साध्या पोलादाचा असतो. लाकूड आणि प्लाय, बस्स. स्टीलला लावलास की दात गेले. मला विचारशील तर तो खेळण्यांच्या दुकानात ठेवायला हवा. दुसरा प्रकार बायमेटल. अंग लवचिक पोलादाचं आणि दात कडक, दोन्ही जोडलेले. हा लाकडालाही चालतो आणि सिंकच्या पत्र्यालाही. घरात एकच ठेवायचा तर हा ठेवावा. तिसरा कार्बाइडचा, मोजके जाडजूड दात. चांगला आहे, पण तुझ्या हाताला तो झटका देईल, मनगट पिरगळेल. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. चौथ्याला दातच नसतात, कडेला हिऱ्याची भुकटी असते, खरखरीत. टाइलला तोच. बाकी काहीही लावलंस तर टाइलवर नुसती शिट्टी वाजेल. मागचा सिमेंटचा पत्राही त्यानेच कापला जाईल, वेळ लागेल एवढंच.

म्हणजे सेट घेऊ नकोस. मापाचे सुटे घे, बायमेटल दोन आणि हिऱ्याचा एक.

हे झालं करवतीचं. आता मोठी बहीण म्हणून तू रागावणार, पण लिहितो. मुलगा म्हणतो ते काही चूक नाही. आपलं वय काय, हा उद्योग काय. पाइप गळला, तू ओल्या फरशीवर घसरलीस, तर कोणाला हाक मारशील? त्याच्याकडे जा. पहिले काही दिवस जड जातात, मग सवय होते. माणसाला कशाचीही सवय होते.

बाकी ठीक. आत्ताच व्हाइसवरून उठून आलोय, त्यात लोखंडी पट्टी आवळून घासत होतो, हात काळे आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

खिळ्या


२५ जानेवारी

अरे वा रे वा, साहेब!

तुझ्या पत्राला माझ्या मुलाच्या बोलण्याचा वास येतोय. तुमचं बोलणं झालंय का? खरं सांग. "सवय होते" हे वाक्य तुझं नाहीच. लहानपणी नवीन चप्पल चावली तर तू ती विहिरीत टाकून आला होतास, आणि मला सांगतोस सवय होते! आणि काय रे, हात काळे आहेत म्हणतोस आणि कागदावर एक डाग नाही? पूर्वी तुझ्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात ऑइलचा अंगठा असायचा. तुझ्या सुनेने साबण लावायला शिकवलेलं दिसतंय. छान. असाच सभ्य हो आणि बस गप्प.

आता माझं ऐक. मी सेट घेतला.

ओरडू नकोस. दुकानदार माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते वाकून बघत होता. कोणी नाही म्हटल्यावर म्हणाला, "घरगुती कामाला हाच घ्या मावशी, सोपा आहे." तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण तुझं पत्र यायला उशीर झाला आणि माझ्या हाताला खाज सुटली होती. कपाट ओढलं, पाठीवर खडूने खूण केली, मशीन चालू. आधी छान चाललं. मग वास. मग धूर. मी म्हटलं आज कपाट पेटवते की काय! दात सगळे काळे पडले, भोक मात्र पडलं. कड जरा जळलीय, तिथे कोणी बघायला जाणार नाही. गोल लाकडाची चकती करवतीत अशी घट्ट अडकून बसली की ती काढताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी शिवणातली आरी बाजूच्या खाचेत घालून उचकटली.

पण खिळ्या, पाइप त्यातून आरपार गेला ना, तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

आता मला हिऱ्याची आणि बायमेटलची हवी. तुझ्याकडे खालच्या गाळ्यात भिंतभर टांगलेल्या आहेत, मला आठवतं, मापाप्रमाणे ओळीने. नळासाठी पस्तीस मिलिमीटरची आणि भिंतीसाठी एखादी पाठव. कुरिअरने दे, काम झालं की पुसून परत करते. आणि सवय-बिवय पुन्हा लिहायचं नाही.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

मी माझी हत्यारं कोणाला देत नाही. हा माझा नियम आहे, तुला माहीत आहे. दुसऱ्याच्या हाताखाली गेलेली करवत मग आपल्या हाताला वळत नाही. नवीन घे. राग मानू नकोस.

भाच्याशी माझं काही बोलणं झालेलं नाही. तुझी शप्पथ.

धूर आला कारण तू मशीन जोरात पळवलंस आणि मधे थांबली नाहीस. करवतीला श्वास घेऊ द्यायचा. बाहेर काढायची, भुसा झाडायचा, परत घालायची. मधलं बारीक ड्रिल पलीकडून डोकावलं की थांबून दुसऱ्या बाजूने कापायचं, म्हणजे कड फाटत नाही.

सिंकला मशीन अगदी सावकाश. एवढं सावकाश की तुला कंटाळा आला पाहिजे. मशीनच्या तेलाचे थेंब सोडत राहा, शिलाई मशीनचं तेल चालेल. खालून लाकडाचा तुकडा लाव. दाबू नकोस. तुला दाबायची सवय आहे, माणसांनाही दाबतेस.

टाइलला मात्र माझा जीव घाबरतोय म्हणून सगळं लिहितो. मशीनवर हातोडीचं चित्र असलेलं बटण आहे, ते बंद पाहिजे. चालू राहिलं तर टाइलचे तुकडे. पाणी लागतं, पण तांब्याने ओतायचं नाही. ओला स्पंज हातात धर आणि लावत राहा. मशीनवर एक थेंब उडता कामा नये. पायात रबरी चप्पल. माप पाइपच्या बाहेरून घे आणि त्याहून थोडं मोठं पाड. पाइप पन्नासचा असेल तर चौपन्नचं भोक, म्हणजे हलायला जागा राहते.

काळजी घे. जमलं नाही तर सोडून दे. त्यात काही कमीपणा नाही.

खिळ्या


११ फेब्रुवारी

खिळ्या,

आधी चांगली बातमी, म्हणजे पुढची वाचायला तुला बळ येईल.

सिंकचं भोक असं पडलंय की दुकानात शोभावं! बायमेटलची आणली, सुटी, मापाची. दुकानदार म्हणाला, "कोणासाठी?" मी म्हटलं, "सिंकसाठी." तेल सोडत, सावकाश, तू म्हणालास तसा कंटाळा येईपर्यंत. पत्र्याचे बारीक कुरळे धागे निघत होते, ओव्हरलॉक मशीनच्या कातरणासारखे. कडेवर कानस फिरवली आणि नळ टक्क बसला. मी सिंक असं उचलून उन्हात धरलं आणि त्या भोकातून समोरच्या गल्लीतल्या लोकांना बघितलं. वेडी म्हणाले असतील. म्हणू देत.

आता दुसरी.

तू चौपन्न लिहिलंस. मी वाचलं. दुकानात चव्वेचाळीस आणि चौपन्न दोन्ही होत्या, हिऱ्याच्या, मधे बारीक ड्रिल असलेल्या. मी दोन्ही आणल्या आणि आधी चव्वेचाळीसची लावली.

का लावली ते ऐक आणि मग हस. आम्ही फ्रॉकचा गळा कापतो तेव्हा पहिल्यांदा कधीच पुरता कापत नाही. लहान कापतो, अंगावर घालून बघतो, मग वाढवतो. गळा मोठा झाला की कापड गेलं, लहान झाला तर काय बिघडलं? माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक मुलीला मी हेच घोकायला लावलंय. हातच तसा वळलाय, त्याला विचारावं लागत नाही. म्हटलं आधी लहान पाडू, पाइप कुठे येतो ते बघू, मग चौपन्नची फिरवून वाढवू.

लहान भोक सुरेख पडलं. स्पंज, रबरी चप्पल, हातोडी बंद, सगळं केलं. मग चौपन्नची लावली आणि बघते तर मधल्या ड्रिलला टेकायला काही नाहीच! ते आपलं हवेत फिरतंय. करवत जी नाचायला लागली, या कडेवरून त्या कडेवर, टाइलवर चरे उमटले, मनगटाला असा हिसका बसला की मशीन हातातून सुटता सुटता राहिलं. मी बटण बंद केलं. भिंतीत चव्वेचाळीसचं भोक आणि हातात पन्नासचा पाइप. टाइलला वरच्या बाजूला एक केसाएवढी चीर गेलीय.

खोटं कशाला बोलू, रडले. टाइलसाठी नाही. गिऱ्हाईक यायचं जवळ आलंय. तुझा भाचा हे बघेल आणि काही बोलणारसुद्धा नाही, नुसता माझ्याकडे प्रेमाने बघेल. ते मला सहन होणार नाही. त्यापेक्षा शिव्या दे म्हणावं.

तू ये. एका दिवसाचं काम आहे. शटर ओढ, तुझी पेटी उचल आणि ये. तुझी हत्यारं तुझ्याच हातात राहतील, मी हातसुद्धा लावणार नाही. मी तुला आजवर कधी ये म्हटलं नाही.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

मी येऊ शकत नाही. आणि का ते आता लिहावं लागणार.

माझ्याकडे पेटी नाही. शटर नाही. व्हाइस नाही. भिंतीवरच्या करवतीही नाहीत. गेल्या पावसाळ्यापासून काही नाही. मुलाला गाडी ठेवायला खालची जागा हवी होती. तो म्हणाला, "बाबा, तुमचे हात थरथरतात, मशीनवर काही झालं म्हणजे?" मी म्हणालो, "बरं." एवढंच. भांडलोसुद्धा नाही. भंगारवाला आला, दोघांनी मिळून व्हाइस उचलला, आणि मी तेव्हा बाल्कनीत बसून चहा पीत होतो. चहा पीत होतो, ताई! सगळे म्हणाले, बाबांनी किती समजूतदारपणे घेतलं.

आणि हात थरथरत नाहीत माझे. एकदा कप फार गरम होता म्हणून हलला.

तुला मुलाकडे जा म्हणून लिहिलं ते कोणाच्या सांगण्यावरून नाही. तूही "बरं" म्हणाली असतीस, तर मला वाटलं असतं की सगळेच म्हणतात, त्यात काय. तू म्हणेनास. तुझ्या कपाटातून धूर निघाल्याचं वाचलं तेव्हा मी ते पत्र घेऊन बाथरूममध्ये गेलो आणि कडी लावून पुन्हा वाचलं.

आता भोकाचं. घाबरू नकोस, कारखान्यात हे नवशिक्यांकडून नेहमी व्हायचं. मधल्या ड्रिलला आधार नाही, तर आधार बाहेरून द्यायचा. प्लायचा एक तुकडा घे, त्यात चौपन्नचं भोक पाड, तो तुकडा भिंतीवर बरोबर जागी घट्ट बसव. मधलं ड्रिल काढून टाक. मग करवत त्या प्लायच्या भोकात घालून चालव. तिला नाचायला जागाच राहणार नाही. टाइलच्या चिरेचं काही नाही, पाइपच्या भोवती रबरी कडं येतं, झाकली जाईल. आणि नाही झाकली तरी राहू दे.

मला एकट्याला गाडीने कुठे सोडत नाहीत. ऐकू येत नाही, स्टेशन चुकेल म्हणतात. नाहीतर आलो असतो.

तू सोडून देऊ नकोस. मागच्या पत्रात लिहिलेलं खोडून टाक. त्यात कमीपणा आहे.

खिळ्या


२७ फेब्रुवारी

माझ्या गाढवा,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. भंगारवाल्याला बोलावताना कोणाला लाज वाटली नाही, आणि तू चहा पीत बसलास! मी तिथे असते तर त्या भंगारवाल्याच्या काट्यावर तुझ्या मुलालाच बसवला असता. आणि मला कळवायला तुला काय झालं होतं? मूग गिळून बसलास आणि मला "आत्ताच व्हाइसवरून उठून आलोय" लिहीत होतास. असा राग आला, असा राग आला, की मी तशीच शिलाई मशीनवर जाऊन बसले. मग ओळीने चार बाह्या उलट्या जोडल्या.

आता माझं. तुझं पत्र येण्याच्या आधीच भोक झालं होतं.

खरंच. रडून झालं, तोंड धुतलं आणि त्या भिंतीसमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, तू आयुष्यभर काय करत आलीस? कापड सरकतं तेव्हा काय करतेस? बेतायचा कागद टाचतेस ना वर? मग टाच की! प्लायचा तुकडा घेतला, त्यात त्या रंगीत डबीतल्या कड्याने चौपन्नचं भोक पाडलं. काळ्या दातांनी का होईना, पाडलं. टाइलच्या दोन सांध्यांत दोन स्क्रू मारून तो भिंतीवर टाचला. मधलं ड्रिल काढलं. आणि स्पंज लावत, थांबत थांबत, फिरवली. गेली रे, सरळ गेली! तुझं पत्र आल्यावर कळलं की कारखान्यातही असंच करतात. मग मला कारखान्यात का नाही घेतलं कोणी?

पाइप जोडले, चिकटवले, वाळू दिले. नळ सोडला. मी खाली कोरडी वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशीही कोरडी.

परवा ते आले. तुझा भाचा आणि गिऱ्हाईक. मी सिंकपाशी भांडी घासत होते, मुद्दाम. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "आई, हे कोणी केलं?" मी म्हटलं, "तुला कोणाला रागवायचंय त्याप्रमाणे सांगते." मग तो आपला इस्त्रीचा शर्ट घालून फरशीवर पाठ टेकून सिंकखाली शिरला, मोबाइलचा दिवा लावून. एकेका सांध्याला बोट लावून बघत होता. बोट कोरडं. पुन्हा बघितलं. कोरडंच.

तेवढ्यात गिऱ्हाईक भिंतीवर टकटक करून म्हणालं, "हा मागचा भाग आम्ही पाडूनच टाकणार आहोत, गाड्या लावायला." खिळ्या, माझ्या डोक्यात तुझा व्हाइस आला. मी हात पुसले, त्या माणसाची बॅग खुर्चीवरून उचलून त्याच्या हातात दिली आणि दार उघडून उभी राहिले. म्हटलं, "घर विकायचं नाही. आणि पुन्हा कधी विकायचं झालं तरी तुम्हाला नाही." तो माझ्या मुलाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "त्याच्याकडे काय बघता? घर माझं आहे."

तो गेल्यावर हा म्हणाला, "आई, आणि तू पडलीस तर?" मी म्हटलं, "पडेन. माझ्या फरशीवर पडेन आणि माझं मला उठता आलं तर उठेन, नाहीतर तुला फोन करेन. पण पडायच्या भीतीने तुझ्या घरात बसून राहणार नाही. माझ्यावर माया आहे ना तुझी? मग वर जा आणि शेगडी खाली आणून दे, मला उचलवत नाही."

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. मला वाटलं, आता गाडीत बसून निघून जाणार. मग जिन्यावर पावलं वाजली. शेगडी आणली, मग सिलिंडर, मग डबे. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "जिन्याला कठडा लावायला माणूस पाठवतो." मी म्हटलं, "पाठव. पण मला विचारून पाठव."

आता वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. मला जिना चढवत नाही. तुझे पाय ठणठणीत आहेत आणि माझे कान. दोघं मिळून एक धड माणूस होईल. रस्त्याकडच्या खोलीत उजेड चांगला येतो आणि खाली भक्कम भिंत आहे, एखाद्या व्हाइसचं वजन पेलेल. मी तुला पाहुणा म्हणून बोलावत नाही. राहायला ये. नाही म्हणायचं असेल तर तुझ्या स्वतःच्या तोंडाने म्हण, मुलाच्या नको.

ताई


५ मार्च

ताई,

पत्र खिशात घालून बाजारात गेलो. एकटा. दोन बस बदलून. कानात यंत्र घातलं होतं, सगळं जग कर्कश आहे, पण स्टॉप चुकला नाही.

व्हाइस घेतला. सहा इंची, ओतीव, भरभक्कम. तो घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि सगळे जमल्यावर सांगितलं की मी ताईकडे राहायला जातोय. सून म्हणाली, "जाऊन या ना बाबा चार दिवस, बदल होईल." मी म्हणालो, "चार दिवसांसाठी कोणी व्हाइस नेतं का?" मुलगा म्हणाला, "पण तिथे तुमच्याकडे कोण बघणार?" मी म्हणालो, "इथे इतके दिवस सगळे माझ्याकडेच बघताय. मला आता दुसरीकडे बघायचंय." मोठा आवाज झाला असणार, कारण वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. मला काय, मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही. मग मुलगा म्हणाला, निदान गाडीने सोडायला येतो. मी नको म्हणालो. त्याला वाईट वाटलं, ते दिसलं मला. मलाही वाटलं. पण यावेळी मी "बरं" म्हणालो नाही.

गुरुवारी दुपारच्या गाडीने निघतोय. स्टेशनवर न्यायला कोणाला पाठवू नकोस. व्हाइस जड आहे, माझा मी उचलेन.

खिळ्या